नजरबादचा महाल आणि पहारेकऱ्याच्या पोटातला जिवाणू

म्हैसूरच्या नजरबाद भागात, कारंजी तलावाच्या अंगाला, कारंजी मॅन्शन नावाचा एक राजेशाही महाल आहे. आज तेथे टपाल खात्याचे प्रशिक्षण केंद्र चालते. नजरबाद ही वस्ती टिपू सुलतानाच्या काळातली. वडियारांच्या म्हैसूरचा किल्ला पाडून त्याच दगडांनी टिपूने शेजारी नजरबादचे बांधकाम काढले होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते दगड पुन्हा उचलून जुन्या किल्ल्याकडे नेले गेले. पुढे शंभरएक वर्षांनी याच भागात वडियार घराण्याने आपल्या राजकन्येसाठी हा महाल बांधला. ती राजकन्या म्हणजे कृष्णाजम्मण्णी, महाराज चौथे कृष्णराज वडियार यांची बहीण. क्षयाने तिचा बळी घेतला. तिच्या स्मरणार्थ महाराजांनी म्हैसूरच्या वेशीबाहेर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले आणि ते आजही तिच्याच नावाने ओळखले जाते.

या घराण्यावर जिवाणूचा घाला त्याआधीही पडला होता. कृष्णाजम्मण्णीचे वडील, महाराज दहावे चामराजेंद्र वडियार, २८ डिसेंबर १८९४ रोजी कलकत्त्यात घटसर्पाने वारले. वय अवघे एकतीस. गादीचा वारस कृष्णराज तेव्हा दहा वर्षांचा होता, म्हणून १९०२ पर्यंत महाराणी वाणीविलास सन्निधान यांनी राज्याचा कारभार पाहिला. एकाच घरात बापाला घटसर्प आणि मुलीला क्षय. दोन्ही रोग जिवाणूंचे, दोन्ही श्वासावाटे पसरणारे, आणि दोन्हींचे जिवाणू राजकन्या जन्मली त्या काळात, म्हणजे १८८० च्या दशकाच्या आरंभीच, ओळखले गेलेले. तरीही पुढच्या काळात घटसर्पावर वैद्यकाने जवळजवळ पूर्ण मात केली आणि क्षयावर अजून केलेली नाही. हा फरक का पडला, याचे उत्तर शोधण्यात विज्ञानाची ऐंशी-नव्वद वर्षे गेली. ते उत्तर दडलेले होते एका सूक्ष्म उंबरठ्यावर: मानवी पेशीच्या पातळ आवरणावर.

घटसर्पाचा जिवाणू शरीरात फारसा खोल शिरत नाही. तो घशात तळ ठोकतो, तेथे करड्या रंगाचा चिवट पडदा तयार होतो, आणि जिवाणू तेथूनच एक विष रक्तात सोडत राहतो. हे विष १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येरसॅं यांनी वेगळे काढले. विषाचे काम कसे चालते ते फार नंतर कळले. पेशीत शिरल्यावर ते प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेतला एक अत्यावश्यक घटक निकामी करते, आणि त्याचा एकच रेणू एक पेशी मारण्यास पुरेसा ठरतो. घशातील पेशी आणि तेथे धावून आलेल्या पांढऱ्या पेशी यांनाच हे विष मारते, म्हणून जिवाणूला पाय रोवायला जागा मिळते. रोगी मात्र बहुधा घशामुळे दगावत नाही. विष हृदयापर्यंत पोचले की धोका सुरू होतो.

या डावपेचात एक मोठी उणीव आहे. विषाला घशातून हृदयापर्यंत जायचे तर रक्तातून उघड्यावर प्रवास करावा लागतो, आणि रक्तात प्रतिपिंडांचे राज्य असते. १८९० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की विषाला सरावलेल्या प्राण्याचे रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला टोचले तर तेही विषापासून वाचते. सप्टेंबर १८९४ मध्ये बुडापेस्टच्या वैद्यक परिषदेत रू यांनी घोड्यांपासून तयार केलेल्या रक्तद्रवाचे निष्कर्ष मांडले. पॅरिसच्या बालरुग्णालयात घटसर्पाने होणारे मृत्यू निम्म्यावर आले होते. सभागृहात एकच जल्लोष झाला. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी चामराजेंद्र वडियार कलकत्त्यात त्याच रोगाने गेले. रू यांचे ते औषध तेव्हा युरोपातील रुग्णालयांतही नुकतेच कोठे मिळू लागले होते.

रक्तद्रव लवकर दिले तरच गुण येई, उशिरा दिले तर नाही, हे त्या काळच्या डॉक्टरांना अनुभवाने कळले होते. कारण साधे आहे. प्रतिपिंड हा रक्तातला शिपाई. विष पेशीच्या बाहेर असेतो तो त्याला पकडतो, विष एकदा उंबरठा ओलांडून आत गेले की त्याचा हात तेथवर पोचत नाही. घटसर्पाच्या बाबतीत हा उंबरठा वैद्यकाच्या बाजूने होता. पुढे १९२३ च्या सुमारास गास्तों रामों यांनी फॉर्मलिनने विषाची बाधा काढून टाकली आणि त्यापासून लस तयार केली. आज भारतात प्रत्येक बालकाला मिळणाऱ्या लसीत ती असतेच.

याच काळात म्हैसूर संस्थानाने तिसरा जिवाणूही पाहिला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली प्लेगची साथ ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात पोचली आणि नंतर म्हैसूरलाही तिने सोडले नाही. १९०३ मध्ये म्हैसूर नगर सुधारणेसाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला तो या साथीच्या सावलीत. प्लेगच्या जिवाणूची युक्ती आणखी निराळी. पिसवाच्या थंड पोटातून माणसाच्या उबदार शरीरात येताच तो आपल्या बाह्य आवरणातील मेदयुक्त रेणूंची घडण बदलतो. ज्या खुणेवरून शरीर अशा जिवाणूंना ओळखते ती खूणच पुसट होते. भक्षक पेशी जवळ आलीच तर सुईसारख्या नळीतून तो तिच्यात प्रथिने टोचून तिला लुळी करतो. शरीराला धोका उमगेपर्यंत रोगी शेवटच्या घटका मोजत असतो. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या त्या याच जिवाणूमुळे. प्लेगला घाई असते. क्षयाच्या जिवाणूचा स्वभाव अगदी उलटा.

आयुर्वेदाने क्षयाला राजयक्ष्मा म्हटले. रोहिणीवर एकट्या जीव लावणाऱ्या चंद्राला दक्षाने शाप दिला आणि तो झिजू लागला, ही त्याची पुराणकथा. झिजणे हा शब्द येथे नेमका आहे. घटसर्पाचा रोगी दिवसांत जातो, प्लेगचाही, क्षयाचा मात्र वर्षानुवर्षे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या रोगाचा जिवाणू ओळखला जाऊन पाच वर्षे होत आली होती. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जगाला दाखवला होता. म्हणजे शत्रूची ओळख पटली होती, पत्ताही माहीत होता, आणि वैद्यकाची पदवी घेतलेल्या रुग्णालाही त्याचा काडीइतका उपयोग नव्हता.

१८९० मध्ये कॉख यांनी जगाला आशा लावली. क्षयाच्या जिवाणूंपासून काढलेले ट्युबरक्युलिन हे द्रव्य क्षय बरा करते, अशी वार्ता पसरली आणि युरोपभरचे रोगी बर्लिनकडे धावले. थोड्याच महिन्यांत ती आशा मावळली; अनेकांची प्रकृती उलट बिघडली. बेहरिंग आणि कितासातो यांचे घटसर्पावरचे यश हे कॉख यांच्याच संस्थेतले, त्याच वर्षातले. एकाच छपराखाली एक मोहीम फत्ते झाली आणि दुसरी फसली. कॉख यांची चूक सोडा, त्या पिढीला क्षयाचा जिवाणू शरीरात नेमका राहतो कोठे याचा अर्थच लागलेला नव्हता.

तो राहतो भक्षक पेशीत. १८८२ च्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचून पाहिला आणि त्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. अशा पेशी जिवाणू गिळून पचवतात आणि शरीराचे रक्षण करतात, हा त्यांचा सिद्धांत. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना यासाठी मिळाले. या पेशींपैकी मोठ्या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांमध्ये त्या सतत गस्त घालतात. गिळलेला जिवाणू प्रथम एका पिशवीत बंद होतो, मग लायसोसोम नावाच्या, आम्ल आणि पाचक रसांनी भरलेल्या दुसऱ्या पिशव्या तिला येऊन मिळतात आणि जिवाणूचा निकाल लागतो. क्षयाचे जिवाणू या पेशींच्या आत दिसतात, हे मेचनिकॉफ यांच्या काळीही ठाऊक होते. पण गिळला म्हणजे संपला, असे मानण्याची सवय पडली होती.

ही सवय मोडली फिलिप डार्सी हार्ट यांनी. हे ब्रिटिश डॉक्टर १९०० मध्ये जन्मले आणि २००६ पर्यंत जगले. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन, आणि त्याची १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आजही वैद्यकीय चाचण्यांचा आदर्श मानली जाते; तिच्यामागच्या प्रमुखांपैकी ते एक. निवृत्तीच्या वयात ते प्रयोगशाळेत शिरले, हेही नोंदवण्यासारखे. १९७१ मध्ये त्यांनी आणि जे. ए. आर्मस्ट्राँग यांनी उंदरांच्या मॅक्रोफेज पेशींतील लायसोसोमना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसेल अशी खूण लावली आणि त्या पेशींना क्षयाचे जिवाणू खाऊ घातले. मेलेले जिवाणू गिळले गेले की लायसोसोम त्यांच्या पिशवीला येऊन मिळत. जिवंत जिवाणूंच्या पिशवीला मात्र बहुतेक वेळा ते मिळतच नव्हते. जिवाणू गिळला गेला होता, पण पचनाची पाळी त्याने येऊच दिली नव्हती. पहारेकऱ्याने चोराला पकडून कोठडीत टाकावे आणि चोराने आतून कडी लावून घ्यावी, तसे हे.

चार वर्षांनी त्याच दोघांनी दुसरा प्रयोग केला, आणि राजकन्येच्या वडिलांच्या रोगापासून हा रोग कोठे वेगळा पडतो ते त्यातून सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांनी जिवाणूंना आधी प्रतिपिंडांचा लेप दिला आणि मग पेशींना खाऊ घातले. आता लायसोसोम येऊन मिळू लागले. तरीही जिवाणू मेले नाहीत. पाचक रसांत बुडूनही वाढत राहिले. घटसर्पाला ज्या शस्त्राने नमवले ते शस्त्र येथे चालवून पाहिले आणि बोथट ठरले.

क्षयाचा जिवाणू हे कसे साधतो, याचे धागे गेल्या तीस वर्षांत एकेक सुटत आहेत. १९९८ मध्ये त्याचा जनुकीय आराखडा पूर्ण वाचला गेला: सुमारे ४४ लाख अक्षरे, सुमारे ४००० जनुके. त्यांतील मोठा वाटा मेदांच्या घडामोडींवर खर्च होतो, कारण त्याचे आवरण मेणासारखे जाड असते. या आवरणातील काही रेणू पिशवीवरच्या खुणा बिघडवतात आणि लायसोसोमना वाट सापडत नाही. जिवाणू काही प्रथिने पेशीच्या आत सोडून तिच्याच निरोपांची साखळी तोडतो. याखेरीज त्याच्याकडे एक स्रावयंत्रणा आहे, जिच्या जोरावर तो पिशवीच्या भिंतीलाच भोके पाडतो. वाढ मात्र संथ. आतड्यातील ई. कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला सुमारे वीस तास लागतात. शरीराची टी-पेशींची फौज जागी होऊन फुप्फुसात पोचायला काही आठवडे जातात. इतर रोगांत हीच तयारी बरीच लवकर होते. तोवर जिवाणूने आपले घर थाटलेले असते.

बीसीजी या लसीची कहाणी त्या स्रावयंत्रणेशी जोडलेली आहे. आल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ यांनी १९०८ पासून तेरा वर्षे गाईच्या क्षयाचा जिवाणू पित्तमिश्रित बटाट्यावर पुनःपुन्हा, २३० वेळा वाढवला, तेव्हा तो निरुपद्रवी झाला. १९२१ मध्ये तो पॅरिसमध्ये प्रथम एका अर्भकाला देण्यात आला. त्या तेरा वर्षांत त्याने नेमके काय गमावले ते १९९० च्या दशकात कळले: त्या भोके पाडणाऱ्या यंत्रणेच्या जनुकांचा एक सलग तुकडाच त्याच्या आराखड्यातून गळून पडला होता. बीसीजी बालकांना क्षयाच्या मेंदुज्वरापासून वाचवते, म्हणून ती भारतात जन्मतःच दिली जाते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयाबाबत मात्र तिची फार कठोर परीक्षा दक्षिण भारतातच झाली. तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीचा निष्कर्ष १९७९ मध्ये आला: मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण आढळले नाही. हा निष्कर्ष अनेकांना कडू लागला.

शरीर स्वस्थ बसत नाही. संसर्ग झालेल्या पेशीभोवती नव्या मॅक्रोफेज पेशी गोळा होतात, त्यांच्याभोवती टी-पेशी, आणि एक घट्ट गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ट्युबरक्युलोसिस हे रोगाचे नावही अशाच लहान गाठीवरून पडले आहे. ही गाठ म्हणजे शरीराने जिवाणूभोवती बांधलेली तटबंदी, असे शंभर वर्षे शिकवले गेले. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या शास्त्रज्ञ ललिता रामकृष्णन यांनी झेब्राफिशच्या पारदर्शक पिलांमध्ये क्षयाच्या जवळच्या नात्यातील जिवाणू सोडून हे सारे जिवंत पाहिले. २००९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की गाठीकडे धावून येणाऱ्या ताज्या पेशी मरू घातलेल्या रोगग्रस्त पेशींना गिळतात आणि त्यांच्यासह आतले जिवाणूही घेतात. एकेका मेलेल्या पेशीकडून अनेक नव्या पेशींत जिवाणू पोचतात, त्यांतल्या काही उठून दुसरीकडे जाऊन नवी गाठ वसवतात. त्या पेशींना बोलावण्यातही जिवाणूच्या त्याच स्रावयंत्रणेचा हात असतो. किल्ला पाडून मिळालेल्या दगडांनी नजरबाद बांधले गेले, त्याची येथे आठवण होते: दगड वडियारांचे, वस्ती टिपूची. गाठ अजिबात निरुपयोगी आहे असे मात्र नाही. बहुसंख्य माणसांत ती जिवाणूला आयुष्यभर दाबून ठेवते, आणि संसर्ग झालेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांना रोग होतच नाही.

याच गटाने २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आवरणावरच्या विशिष्ट मेदांनी जिवाणू आपल्या ओळखीच्या खुणा झाकतो आणि जिवाणू मारण्यात तरबेज असलेल्या पेशी तेथे बोलावल्याच जात नाहीत. दुसऱ्या एका मेदाने तो त्याला आसरा देतील अशा, काहीशा मवाळ पेशी जवळ ओढून घेतो. कोणत्या पहारेकऱ्याच्या पाळीला यायचे हे चोरच ठरवतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथपर्यंतचे सारे लपाछपीचे वाटते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या चित्राला छेद दिला. जगाच्या निरनिराळ्या भागांतील क्षयजिवाणूंची जनुके ताडून पाहिली असता, टी-पेशी ज्या तुकड्यांवरून जिवाणूला ओळखतात तेच तुकडे सर्वांत कमी बदललेले आढळले. हिवतापाचा परजीवी किंवा फ्लूचा विषाणू आपली ओळखीची बाजू सतत बदलतो. क्षयाचा जिवाणू ती हजारो वर्षे जपून ठेवतो. त्याला टी-पेशींनी ओळखलेले हवे आहे, असाच याचा अर्थ लावला जातो. टी-पेशींचा हल्ला तीव्र झाला की फुप्फुसात पोकळी पडते, पोकळी श्वासनलिकेशी जोडली जाते, रोगी खोकतो आणि जिवाणू दुसऱ्या घरात पोचतो. एचआयव्हीमुळे टी-पेशी फार कमी झालेल्या क्षयरुग्णांमध्ये अशा पोकळ्या कमी आढळतात, हे या तर्काला धरूनच आहे. कॉख यांच्या ट्युबरक्युलिनने रोग्यांची प्रकृती का बिघडवली, त्याचेही उत्तर येथे सापडते: त्या द्रव्याने चिडवली जात होती ती हीच फौज, आणि होणारी नासधूस स्वतःच्याच फुप्फुसाची होती.

म्हैसूरचे आरोग्यधाम उभे राहिले तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. मोकळी हवा, पौष्टिक अन्न, विश्रांती, आणि घरच्यांपासून दूर ठेवणे, एवढेच त्या काळी जगभरच्या आरोग्यधामांच्या हाती होते, मिरजेजवळ डॉ. विल्यम वानलेस यांनी वसवलेल्या वानलेसवाडीतही याहून निराळे नव्हते. दूर ठेवण्याचा फायदा घरातल्या निरोगी माणसांना होत असे, रोग्याला फारसा नाही. औषधे आल्यावर ही कल्पनाही तपासली गेली, आणि तीही म्हैसूरपासून फार दूर नाही. १९५६ मध्ये मद्रासमध्ये १९३ रोग्यांची चिठ्ठ्यांनी वाटणी करून निम्म्यांना आरोग्यधामात आणि निम्म्यांना गरिबीच्या, दाटीच्या घरांतच तीच औषधे वर्षभर दिली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: घरी राहिलेले रोगी जवळपास तितकेच बरे झाले, आणि औषध सुरू झाल्यावर त्यांच्या कुटुंबीयांना होणारी लागणही वाढली नाही. जगभरच्या आरोग्यधामांचे दिवस त्यानंतर भरले.

औषधे पेशीच्या उंबरठ्यापलीकडे जातात, हे त्यांचे बळ. लसीने तेथवर कसे पोचावे यावर मात्र अजून झटापट चालू आहे. व्हीपीएम-१००२ ही त्यातली एक लस. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत श्टेफान काउफमान यांच्या गटाने बीसीजीला लिस्टेरिया नावाच्या दुसऱ्याच जिवाणूचे, पिशवीला भोक पाडणारे प्रथिन दिले, आणि पिशवीतली आम्लता दाबणारे बीसीजीचे स्वतःचे एक जनुक काढून टाकले. बीसीजीने १९२१ पूर्वी गमावलेली भोके पाडण्याची करामत अशी उसनवारीने परत केली गेली, पण यावेळी शरीराच्या बाजूने: पिशवीतून बाहेर सांडलेले तुकडे पाहून टी-पेशींना शत्रू लवकर आणि नीट ओळखता यावा म्हणून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती हाती घेतली, आणि २०१९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सहा राज्यांत तिची चाचणी सुरू केली. त्यासाठी निवडलेली बारा हजार माणसे होती ती नव्याने निदान झालेल्या क्षयरुग्णांच्या घरातली, त्याच छपराखाली झोपणारी, तीच हवा श्वासात घेणारी.